कागदाची मोटार आणि घडीचें बळ

वहीचें एक पान दोन पुस्तकांवर पुलाप्रमाणें आडवें ठेवलें, तर त्यावर एखादें नाणें ठेवण्याचाच अवकाश, तें मध्यें वांकून खालीं येतें. आतां तेंच पान घेऊन पंख्यासारखें चुणावें, एक घडी वर व एक घडी खालीं. आणि घड्या ह्या पुस्तकाकडून त्या पुस्तकाकडे जातील अशा रीतीनें तें पुन्हां तेथेंच ठेवावें. मग एकामागून एक नाणीं ठेवीत जावें. कागद तोच, त्याचें वजन तेंच, त्यांत नवीन असें कांहींच घातलेलें नाहीं. तरी तो आतां भार पेलतो. ह्या प्रयोगास खर्च मुळींच नाहीं. पुढील मजकूर वाचण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें तो स्वतः करून पाहावा अशी आमची इच्छा आहे. कारण आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें सारें ह्या एका पानांतून निघणार आहे.

कोणतीही वस्तु वांकूं लागली म्हणजे तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. मधला थर मात्र ताणलाही जात नाहीं व दाबलाही जात नाहीं. ह्या मधल्या थरापासून जो भाग जितका दूर असेल, तितका तो वांकण्यास अधिक विरोध करतो. सपाट कागदांत दूर म्हणावा असा भागच नसतो. सारा कागद मधल्या थराला चिकटून बसलेला! घडी घातली कीं कागदाचा कांहीं अंश वर जातो, कांहीं खालीं येतो, आणि तोच निरुपयोगी वाटणारा कागद कामाला लागतो. पाव मिलिमीटर जाडीच्या कागदास ५ मिलिमीटर उंचीच्या घड्या घातल्या, म्हणजे उंची जाडीच्या २० पट झाली. आणि त्याच कागदाचा वांकण्यास होणारा विरोध २० च्या वर्गाइतका, म्हणजे हिशेबानें ४०० पट होतो. आपल्या पडवीवरील पन्हळी पत्रा ह्याच न्यायानें पावसाळ्यामागून पावसाळे काढतो. तेवढ्याच जाडीचा सपाट पत्रा तेथें घातला असतां, तर एखादें मांजर चालून गेल्यानें देखील तो लवला असता.

ह्या युक्तीचा उपयोग करून फ्रान्स देशांत एक मोटार जन्मास आली, व तिचीच कागदी प्रतिकृति कशी करावी हें आम्ही येथें सांगणार आहों. हिचें नांव सित्रोएन २ सी.व्ही. ह्या अक्षरांचा अर्थ ‘दोन घोडे’. परंतु हे घोडे खरे नव्हेत. कर बसविण्यासाठीं फ्रेंच सरकार मोटारींचे जे वर्ग पाडीत असे, त्यांतील हा दोनचा वर्ग. विक्रीस निघालेल्या पहिल्या गाडीच्या एंजिनाची खरी शक्ति सुमारें ९ अश्वशक्ति होती.

१९३५ नंतरच्या त्या काळांत फ्रान्समधील बहुसंख्य शेतकरी अद्याप घोडागाडीनें बाजारास जात असत. सित्रोएन कंपनीचे एक प्रमुख अधिकारी प्येर-ज्यूल बुलांजे ह्यांनीं आपल्या एंजिनियरांपुढें एक चमत्कारिक मागणी ठेवली. लांकडी पादत्राणें घातलेले शेतकरी आंत बसावे. ५० किलोग्रॅम बटाटे मावावे. ताशीं ६० किलोमीटर वेग असावा. १०० किलोमीटर जाण्यास ३ लिटर पेट्रोल पुरावें. आणि अंड्यांनीं भरलेली टोपली घेऊन नांगरलेल्या शेतांतून गाडी गेली तरी एकही अंडें फुटूं नये. सौंदर्याचा ह्या यादींत उल्लेख नव्हता! ‘चार चाकांवर बसविलेली छत्री’ असें त्या गाडीचें वर्णन करण्यांत येतें, व तें खोटें नाहीं. आंद्रे लफेव्र ह्या एंजिनियरानें व फ्लामिनिओ बर्तोनी ह्या इटालियन शिल्पकारानें तिचें रूप ठरविण्यांत मोठा भाग घेतला.

१९३९ च्या ऑक्टोबरांतील पॅरिसच्या प्रदर्शनांत ती मांडावयाची, म्हणून सुमारें २५० गाड्या तयार झाल्या होत्या. परंतु ३ सप्टेंबर रोजीं फ्रान्सनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें व प्रदर्शन राहून गेलें. पुढें फ्रान्स शत्रूच्या ताब्यांत गेला, तेव्हां हा शोध त्याच्या हातीं पडूं नये म्हणून बहुतेक गाड्या मोडून टाकण्यांत आल्या व थोड्या दडविण्यांत आल्या. त्यांपैकीं तीन गाड्या ला फेर्ते-व्हिदाम येथील एका कोठाराच्या माळ्यावर होत्या, त्या १९९४ सालीं उजेडांत आल्या. त्या वेळच्या गाडीस एकच दिवा होता, कारण कायदा एकाहून अधिक मागत नव्हता. काटकसर म्हणतात ती ही! युद्ध संपल्यावर हलक्या धातूंच्या जागीं पोलाद आलें, पाण्याऐवजीं हवेनें थंड होणारें ३७५ घनसेंटिमीटरचें दुहेरी नळकांड्याचें एंजिन आलें, आणि ७ ऑक्टोबर १९४८ रोजीं पॅरिस येथें गाडी लोकांपुढें ठेवण्यांत आली. वृत्तपत्रांनीं थट्टा केली. शेतकरी, परिचारिका, खेड्यांतले डॉक्टर ह्यांनीं मात्र मागणीपत्रें भरलीं, व कित्येकांस गाडी मिळण्यास वर्षांमागून वर्षें वाट पाहावी लागली. शेवटची गाडी २७ जुलै १९९० रोजीं पोर्तुगालांतील मांग्वाल्द येथील कारखान्यांतून बाहेर पडली. तोंपर्यंत अशा अडतीस लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या.

आतां कोणी विचारील, कीं फ्रान्सची मोटार कशाला? आपली प्रीमियर पद्मिनी काय वाईट? मुंबईंत कुर्ला येथें तयार होणारी, इटलीच्या फिआट ११०० ची ती लेक. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईची कित्येक वर्षें सेवा केली व २०२३ सालीं रजा घेतली. तिच्याविषयीं आम्हांसही ममत्व आहे. परंतु कागदानें तिची प्रतिकृति करूं पाहणाऱ्यास ती पहिल्याच दिवशीं रडवील. ह्याचें कारण भूमितींत आहे, व तें समजून घेणें हाच ह्या पाठाचा गाभा होय.

कागद वांकतो, पण ताणला जात नाहीं. त्यामुळें सपाट कागदापासून फार थोड्या प्रकारचे पृष्ठभाग होऊं शकतात: सपाट, नळीसारखा वळलेला, शंकूसारखा निमुळता वळलेला, आणि ह्यांसारखेच आणखी कांहीं. ह्या सर्वांत एक गुण समान आहे. त्यांवर कोठेंही पट्टी ठेवली, तरी निदान एका दिशेनें ती सरळ टेकते. उलट चेंडूवर पट्टी कशीही ठेवा, ती एका बिंदूवरच टेकेल. चेंडूस कागद गुंडाळूं गेल्यास सुरकुत्या पडतात. संत्र्याची साल टेबलावर सपाट करूं गेल्यास ती फाटते. पृथ्वीचा नकाशा कागदावर काढतांना ग्रीनलंड देश अवाच्यासवा फुगतो. तीनही गोष्टींचें मूळ एकच. जर्मन गणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस ह्यानें १८२७ सालीं सिद्ध करून दाखविलें, कीं पृष्ठभाग ताणल्याशिवाय नुसता वांकविला, तर त्याची एक प्रकारची मूळ वक्रता कधींही बदलत नाहीं. कागदाची ती वक्रता शून्य, गोलाची शून्य नव्हे. म्हणून एकाचें दुसरें होणें नाहीं. मोटारीच्या कारखान्यांत पोलादाचा पत्रा सांच्यांत दाबून ताणतां येतो, म्हणून पद्मिनीचें गोलसर छप्पर व तिचे भरदार खांदे होऊं शकतात. कागदास ती सोय नाहीं.

२ सी.व्ही. पाहा. तिच्या खिडक्यांच्या कांचा सपाट. छप्पर म्हणजे गुंडाळतां येणारें मेणकापड, तें एकाच दिशेनें वळलेलें. एंजिनावरील झांकणास पन्हळी पत्र्यासारख्या उभ्या घड्या. पातळ व स्वस्त पत्रा घेऊन त्यास घडीनें बळ द्यावयाचें, हा विचार तिच्या अंगभर दिसतो. म्हणजे जें कागदाला साधतें, तेंच बहुतांशीं त्या एंजिनियरांनीं पत्र्याकडून करवून घेतलें. म्हणूनच आम्हांस ही गाडी कागदकामासाठीं सर्व मोटारींत उत्तम वाटते. १९६० च्या डिसेंबरांत तिच्या झांकणाच्या बारीक घड्या जाऊन पांच मोठ्या कण्यांचें नवीन झांकण आलें. आम्ही मात्र जुन्याच रूपाची शिफारस करूं.

प्रथम माप. गाडीची लांबी ३७८ सेंटिमीटर, रुंदी १४८, उंची १६०, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २४०. वीसपट लहान प्रतिकृति धरल्यास हे आंकडे अनुक्रमें १८.९, ७.४, ८ व १२ सेंटिमीटर होतात. हातांत बसेल अशी वस्तु, आणि भागाकार तोंडीं होतो. गाडीचें बाजूचें, समोरचें व वरचें चित्र चौकटी आंखून ह्या मापानें कागदावर उतरावें. हल्लीं संगणकावरून तयार छापील आकृत्याही मिळतात, आणि फ्रान्समधील एपिनाल गांवचे छापखाने तर एकोणिसाव्या शतकांतच मुलांसाठीं कापून चिकटविण्याचीं छापील चित्रें विकीत असत. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, इंग्लंडांत ‘मायक्रोमॉडेल्स’ ह्या नांवाच्या पोस्टकार्डाएवढ्या आकृत्या निघाल्या, त्याही लोकांनीं आवडीनें घेतल्या. आमचा त्यांवर आक्षेप नाहीं. परंतु छापील आकृति कापणारा मुलगा दुसऱ्यानें सोडविलेलें उदाहरण उतरवून घेतो. स्वतः आंखणारा मुलगा तें सोडवितो. दोघांच्या टेबलावर शेवटीं मोटार उभी राहते, एवढ्यावरून दोघांस सारखेच गुण देणें आम्हांस मान्य नाहीं.

छपराची पट्टी किती लांब कापावी, हा पहिला खरा प्रश्न. बाजूच्या चित्रांत छप्पर ही एक कमान दिसते; तिची लांबी पट्टीनें मोजतां येत नाहीं. एक ओला दोरा त्या कमानीवर बसवावा, दोन्ही टोकांस खूण करावी, मग दोरा सरळ करून मोजावा. एवढेंच. कमान उलगडली म्हणजे सरळ रेघ होते, हें ज्याच्या हातानें एकदां समजलें, त्यास पुढें वर्तुळाच्या परिघाचें सूत्र परकें वाटत नाहीं.

कागद कार्डशीट म्हणून मिळतो तो, पाव मिलिमीटर जाडीचा घ्यावा. त्यास दोन दिशा असतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. वर्तमानपत्र उभें फाडलें तर सरळ फाटतें, आडवें फाडलें तर वेडेंवांकडें. कारण कागदाचे तंतु यंत्रावर एकाच दिशेस निजलेले असतात. छपराची पट्टी अशी कापावी, कीं तंतु गाडीच्या रुंदीच्या दिशेनें जावेत. मग ती सहज वळते. उलट कापल्यास तिला टोंकें पडतात. घडी घालण्यापूर्वीं रेघेवरून शाई संपलेल्या बॉलपेनचें टोंक पट्टीच्या आधारानें दाबून ओढावें व नंतरच घडी मोडावी. ब्लेडनें रेघ चिरून घडी घालण्याची रीत कांहीं मुलें घेतात. तिनें घडी धारदार येते खरी, पण तेथील तंतु तुटतात, आणि ज्या घडीनें बळ द्यावयाचें तीच दुबळी होते.

एंजिनावरील झांकणाकडे येऊं. समजा, झांकणाची रुंदी ३० मिलिमीटर आहे व तिच्यांत आपणांस १० पन्हळी हव्या आहेत. प्रत्येक पन्हळ ३ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर उंच. पन्हळीची एक उतरती बाजू म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पाया दीड, उंची एक. दीडचा वर्ग सव्वादोन, त्यांत एक मिळविला तर सव्वातीन, व त्याचें वर्गमूळ सुमारें १.८. एका पन्हळीस अशा दोन बाजू, म्हणजे ३.६ मिलिमीटर, दहांस ३६. तेव्हां ३० मिलिमीटर रुंदीच्या झांकणास ३६ मिलिमीटर कागद लागतो. पायथागोरसाचा सिद्धान्त फळ्यावर अचूक सिद्ध करणारे विद्यार्थी आमच्याकडे थोडे नाहींत. परंतु हा कागद कापतांना पुष्कळजण तीसच मिलिमीटर कापतात, व झांकण अरुंद कां झालें म्हणून विचारतात. त्या क्षणीं सिद्धान्त पुस्तकांतून उतरून त्यांच्या बोटांशीं येतो. पालकांनीं कात्री, डिंक व कागदाचे कपटे पाहून कपाळास आंठ्या घालण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें, अशी आमची विनंति आहे. परीक्षेचा वेळ वायां जातो, ही तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. वेळ जातो हें खरें. तो वायां जातो हें आम्हांस कबूल नाहीं.

झांकणासंबंधीं एक अडचण राहिली. तें सरळ नसून पुढें नाकाकडे खालीं वळतें. आणि चुणलेला कागद त्या दिशेनें वळेल तर शपथ! पुलाच्या प्रयोगांत जो त्याचा गुण, तोच येथें आड येतो. कारखान्यांत सांचा पत्र्याला एकाच दाबांत घडीही देतो व वळणही देतो. आपणांस दुसरी वाट काढली पाहिजे. झांकणाचा कागद उलट्या बाजूनें किंचित् दमट करून मऊ रबरावर ठेवावा व त्यावर बोथट टोकानें रेघा दाबाव्या. उजव्या बाजूस उथळ उठाव येतात. दमट असतांनाच पेन्सिलीवरून नाकाचें वळण द्यावें व वाळूं द्यावें. उठाव उथळ असल्यानें कागद वळतो, आणि वाळल्यावर तेवढ्यानेंही झांकण आश्चर्य वाटावें इतकें ताठ राहतें.

चाकांवरील पुढचे दोन पंखे मात्र खरोखरीच दुहेरी वळणाचे आहेत. तेथें ह्या गाडीनेंही कागदावर दया केलेली नाहीं. शिंपी काय करतो? सपाट कापड अंगाच्या गोलाईस बसविण्यासाठीं तो त्यास टक घालतो. आपणही तेंच करावें. पंख्याचा आकार चार-पांच निमुळत्या पट्ट्यांत विभागावा, संत्र्याच्या फोडींप्रमाणें. प्रत्येक पट्टी एकाच दिशेनें वळते व सर्व मिळून गोलाईचा भास होतो. दिवाळीचा आकाशकंदील व नाताळांतला तारा करणाऱ्या हातांस ही विद्या नवी नाहीं.

चाकें पुठ्ठ्याच्या चकत्या एकीवर एक चिकटवून करावीं. व्यास ३० मिलिमीटर घेण्यास हरकत नाहीं. टायर मुळांत १२५ मिलिमीटर रुंद, म्हणून चाकाची जाडी सुमारें ६. भोंवतीं गुंडाळावयाच्या पट्टीची लांबी ३.१४ गुणिले ३०, म्हणजे ९४.२ मिलिमीटर येते. पण तेवढीच कापल्यास टोंकें मिळत नाहींत, जवळजवळ एक मिलिमीटर फट राहते. कारण पट्टीला स्वतःची जाडी आहे व ती चकतीच्या बाहेरून जाते. पट्टीचा मधला थर मोजावयाचा, म्हणजे व्यास ३०.२५ घ्यावयाचा, व लांबी ९५ भरते. ह्यांत एक गंमत आहे: हा पाऊण मिलिमीटरचा फरक चाकाच्या आकारावर मुळींच अवलंबून नाहीं. बैलगाडीच्या चाकाभोंवतीं हीच पट्टी गुंडाळली, तरी जाडीपायीं तेवढीच अधिक लागेल. ह्याचें कारण विद्यार्थ्यांनीं स्वतः शोधावें.

जाडीचा विषय निघाला म्हणून सांगतों. वीसपट लहान गाडींत पाव मिलिमीटरचा कागद हा खऱ्या गाडींतील ५ मिलिमीटर पत्र्याच्या जागीं आहे, आणि खरा पत्रा एक मिलिमीटरही जाड नव्हता. म्हणजे आपली गाडी प्रमाणानें पाहतां चिलखती झाली! ह्याच कारणासाठीं दारांच्या व खिडक्यांच्या कडा जाड व पांढऱ्या दिसतात. त्या कापल्याबरोबर गाडीच्याच रंगाच्या पेन्सिलीनें रंगवाव्या. आरंभींच्या सर्व गाड्या करड्याच होत्या, त्यामुळें एक साधी शिसपेन्सिल पुरते. वजनाचा हिशेब ह्याहून मौजेचा आहे. खरी गाडी सुमारें ४९५ किलोग्रॅम. तीच हुबेहूब, त्याच धातूंची, वीसपट लहान केली तर वजन वीस नव्हे, चारशें नव्हे, तर २० च्या घनानें, ८००० नें, भागावें लागेल. उत्तर सुमारें ६२ ग्रॅम येतें. आपली गाडी पुरी झाल्यावर शाळेच्या तराजूंत घालून ह्या आंकड्याशीं ताडून पाहावी.

चिकटविण्याचें काम उरलें. घरची खळ स्वस्त खरी, परंतु तींत पाणी फार. कागद फुगतो व वाळतांना ओढला जातो. घट्ट डिंक अथवा सुताराचा पांढरा गोंद काडीच्या टोकानें अगदीं थोडा लावावा. गाडीच्या पोटांत पुठ्ठ्याच्या तीन आडभिंती द्याव्या, म्हणजे बाजू आंत दबत नाहींत. सर्वांत आधीं तळ, मग आडभिंती, मग बाजू. झांकण व पंखे सर्वांत शेवटीं. खऱ्या गाडींतही पंखे नुसते बोल्टांनीं बसविलेले असत, व मालकास ते घरच्या पान्यानें काढतां येत.

बैठकांवर मेहनत घ्यावी. त्या म्हणजे नळीची चौकट व तिच्यांत रबरी पट्ट्यांनीं ताणून बसविलेलें कापड. आपली बाजच म्हणाना! सुट्टीच्या दिवशीं लोक त्या गाडींतून उचलून झाडाखालीं नेऊन बसत. प्रतिकृतींत तारेची चौकट व जुन्या रुमालाचा तुकडा पुरेल. आणि म्हणूनच छपराची पट्टी चिकटवूं नये. कमान बसते कीं नाहीं हें तिनें एकदां पडताळून पाहिलें म्हणजे तिचें काम झालें. मग त्याच मापाचें पातळ करडें कापड कापून पुढच्या कांचेवरील कडेस दोन टाक्यांनीं अडकवावें व मागें मोकळें ठेवावें. मूळ गाडींत हें कापड मागें पार सामानाच्या जागेवरूनही खालपर्यंत येत असे. तें गुंडाळून वर घेतलें, कीं बटाट्यांचें पोतें उभेंच्या उभें आंत ठेवतां येई.